पडद्यामागचा व्हिडिओ: एक प्रसंग धरा, बाकीची मालिका त्याच्या मागून येईल

प्रश्न थोडक्यात असा. २००९च्या आसपास वाई तालुक्यातल्या एका वाड्यात एका विनोदी मालिकेचं शूटिंग चालायचं आणि प्रश्नकर्ते तिथे सहाय्यक दिग्दर्शक होते. मालिका वर्षभर चालली, टीआरपी नाही म्हणून बंद झाली. आता इतक्या वर्षांनी तिचे चाहते फेसबुकवर एकत्र जमलेत, एकमेकांना संवादांतच उत्तरं देतात. त्यांच्यासाठी वीसेक मिनिटांचा पडद्यामागचा व्हिडिओ करायचाय. हाताशी मिनीडीव्ही टेपांची (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेटींची) एक पिशवी, एक जुनी हार्डडिस्क आणि युनिटमधल्यांच्या त्या वेळच्या मोबाइलमधल्या क्लिपा. बहुतेक कलाकार साताऱ्यात एक दिवस जमायला तयार आहेत. एक ज्येष्ठ कलाकार आता हयात नाहीत. विचारलंय ते असं, की फंबल, म्हणजे शूटिंगमध्ये चुकलेले टेक, भरपूर आहेत, ते जोडून मधे मुलाखती टाकल्या तर जमेल का, आणि परवानगी कुणाकुणाची घ्यायची.

मी साताऱ्यात एडिटिंग करतो. या पट्ट्यात युनिटं यायला लागली त्याला बराच काळ झाला. ‘स्वदेस’ची मेणवली २००४ची, ‘लागिरं झालं जी’ २०१७ची, ‘देवमाणूस’ २०२०ची. त्या वावरात राहून मालिकांची मेकिंगं, म्हणजे असे पडद्यामागचे व्हिडिओ, कापण्याचं काम माझ्याकडे बऱ्यापैकी आलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फंबल आणि मुलाखती जोडून व्हिडिओ होईल. ग्रुपवर टाकलात की पहिल्या दिवशी बदाम आणि टाळ्याही पडतील. पण तुमची अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. तुमचा प्रेक्षक साधा प्रेक्षक नाही. नव्या मालिकेचं मेकिंग हे जाहिरातीसारखं असतं. ज्यांनी काही पाहिलेलं नाही त्यांना ओढून आणायचं असतं. तुमच्या लोकांना मालिका पाठ आहे. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’चं उदाहरण घ्या. २००४ला स्टार वनवर आली तेव्हा टीआरपीच्या नावानं बोंबच होती. नंतर लोकांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली, इतकी की २०१७मध्ये तिचा दुसरा सीझन वेबवर आला. असे चाहते पडद्यावर जे दिसतं ते तुमच्यापेक्षा जास्त ओळखतात. तुम्ही ते एकदा शूट केलंत, त्यांनी पन्नासदा पाहिलंय. त्यांना दाखवण्यासारखं तुमच्याकडे एकच आहे: जे त्यांना कितीही वेळा पाहिलं तरी दिसू शकत नाही ते.

फंबलमध्ये ते फारसं नसतं. कलाकार वाक्य विसरला, हसला, ‘सॉरी सॉरी’ म्हणाला, पुन्हा घेतलं. दोन-तीन मजेशीर असतात, मग सगळे एकसारखे दिसायला लागतात. मुलाखतींचं तर विचारूच नका. खुर्चीवर बसवून ‘अनुभव कसा होता?’ विचारलं की कुठल्याही मालिकेचा, कुठलाही कलाकार एकच सांगतो: आम्ही एका कुटुंबासारखे होतो, दिग्दर्शकानं खूप मोकळीक दिली, वाईच्या लोकांनी खूप प्रेम दिलं. खोटं नसतं ते. पण ही वाक्यं उचलून दुसऱ्या मालिकेच्या मेकिंगमध्ये चिकटवली तरी कुणाला पत्ता लागणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की सगळी मालिका सांगायला जाऊ नका. चाहत्यांचा एक लाडका प्रसंग घ्या आणि तो पूर्ण उकला. कागदावर काय होतं, सेटवर काय झालं, एडिटिंगच्या टेबलावर त्याचं काय केलं. एक प्रसंग नीट उकलला की वाडा, माणसं, त्या वर्षीचा पाऊस, जेवणाची भांडणं, सगळं त्याच्या मागून आपोआप येतं, कारण तो प्रसंग घडायला ते सगळं लागलेलं असतं.

‘फ्रेंड्स’ ही काही मूठभर लोकांची मालिका नव्हे, पण २०२१ला तिचा जो पुनर्मीलनाचा कार्यक्रम आला त्यातला एक तुकडा बघण्यासारखा आहे. १९९६च्या एका भागात जोई आणि चँडलर एका खुर्चीवरून भांडतात. सगळा भाग जवळजवळ एकाच खोलीत घडतो. त्या खुर्चीवर झेपावताना जोईचं काम करणाऱ्या मॅट लब्लँकचा खांदा निखळला. कार्यक्रमात ती मूळ पट्टी दाखवली आणि ज्यांच्या डोळ्यांदेखत ते झालं ते बोलले. पुढे मालिकेत त्याचा हात झोळीत दिसतो, आणि लेखकांना त्यासाठी जोईच्या पडण्याचं एक कारण रचावं लागलं. पंचवीस वर्षं लोकांनी ती झोळी पाहिली होती. तिच्यामागे ही खुर्ची आहे हे कळल्यावर माणूस ते जुने भाग पुन्हा काढून बघतो. तुमचा व्हिडिओ संपल्यावर चाहत्यानं तुमच्या मालिकेचा तो भाग पुन्हा लावला, तर काम झालं.

आता प्रसंग निवडायचा कसा. ग्रुपवर ‘तुमचा आवडता प्रसंग कोणता’ असं विचारू नका. लोक चांगलं दिसेल असं उत्तर देतात, भावनिक प्रसंग सांगतात. त्याऐवजी जुन्या कमेंटी चाळा. लोक एकमेकांची फिरकी घेताना कोणतं वाक्य मारतात ते बघा. तो तुमचा प्रसंग. मग तीन गोष्टी तपासा. त्याचं पडद्यामागचं काहीतरी तुमच्या टेपांत किंवा फोटोंत आहे का? त्या दिवशी तिथे असलेली निदान तीन माणसं बोलायला मिळतील का, आणि त्यातलं एक तरी कॅमेऱ्याच्या मागचं असेल का? आणि त्या प्रसंगात काहीतरी लबाडी आहे का? लबाडी म्हणजे पडद्यावर जसं दिसतं तसं ते प्रत्यक्षात नव्हतं. रात्र दिसते पण दुपारी खिडक्यांना काळं कापड लावून घेतलंय, सासू ज्याच्याकडे बघून चिडते तो नट त्या दिवशी सेटवरच नव्हता, असलं काहीतरी. विनोदी मालिकेत असं सापडतंच, कारण वेळ नेहमी कमी असतो.

यातलं मला सगळ्यात जवळचं म्हणजे एडिटिंगच्या टेबलावरचं, आणि बहुतेक मेकिंगांत नेमकं तेच गाळलेलं असतं. लोकांना वाटतं विनोद लेखकानं लिहिला आणि नटानं म्हटला. पण सिंगल कॅमेऱ्यावर, समोर हसणारा प्रेक्षक नसताना, थांबायचं किती हे शेवटी कापणारा ठरवतो. आमच्याकडे एका सेकंदात पंचवीस फ्रेम असतात. वाक्य संपल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर आठ फ्रेम आधी गेलं तर हसू येत नाही, तिथेच थोडं थांबून गेलं तर येतं. हे कितीही समजावून सांगितलं तरी कुणाला पटत नाही; दाखवलं की लहान पोरालाही पटतं.

एका मालिकेत पंगतीचा प्रसंग होता. गावचे पुढारी जेवायला बसलेत आणि धाकटी सून भोळेपणानं त्यांच्या तोंडावर त्यांचंच लफडं सांगून टाकते. पुढारी काहीच बोलत नाहीत, नुसते बघतात. लोकांना ती नजर इतकी आवडली की त्याचे स्टिकर झाले. ती नजर त्या वाक्यावर दिलेलीच नव्हती. वाक्यावर दिलेले सगळे टेक जरा जास्त झाले होते, भुवया वर, डोळे मोठे. मी रश, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रीकरण, चाळताना क्लॅपच्या आधीचे काही सेकंद सापडले: पुढाऱ्यांचं काम करणारे काका ‘ॲक्शन’ची वाट बघत शांत बसलेत आणि वाड्यातलं मांजर ताटाकडे येतंय, त्याच्यावर त्यांची नजर आहे. तो तुकडा उचलला आणि वाक्यानंतर लावला. पुढे त्या मालिकेच्या मेकिंगमध्ये आम्ही आधी मूळ टेक लावून दाखवला, मग क्लॅपच्या आधीचा तुकडा मांजरासकट, मग दोन्ही जोडून. बाकी सगळं मेकिंग लोक विसरले, पण ते मांजर अजून लोकांच्या तोंडात आहे. काकांना आधी विचारून घेतलं होतं बरं का, त्यांचीच करामत चोरलेली, ते म्हणाले, “दाव की, म्या कुठं नाय म्हणतोय.”

तुमच्याकडे रश असण्याची शक्यता कमी. तेव्हा रश ठेवायला जागा नसायची, टेलिकास्ट झालं की टेपेवर पुढचं शूट. पण एडिटरच्या जुन्या डिस्कवर एखाद्या भागाचा प्रोजेक्ट राहिलेला असतो. त्यांना फोन करा. नसेलच, तर टेलिकास्ट झालेल्या प्रसंगातच तुम्ही थांबण्याची जागा कापून दाखवू शकता: हा जसा होता तसा, हा थांबा काढून टाकलेला. तेवढंही पुरतं.

टेपांचं मात्र आज करा, व्हिडिओचा विचार नंतर. मिनीडीव्हीची टेप साठ मिनिटांची असते आणि संगणकावर घेतली की साधारण तेरा जीबी होते, म्हणजे पिशवीभर टेपा एका साध्या हार्डडिस्कवर मावतील. अडचण जागेची नाही, वाजवण्याची आहे. जुना चालू कॅमेरा किंवा डेक, आणि फायरवायरची पिन असलेला संगणक लागतो. नव्या लॅपटॉपला ती पिन नसते. कुणी पिवळी-लाल-पांढरी वायर लावून ‘कन्व्हर्ट करून देतो’ म्हणालं तर शक्यतो देऊ नका. फायरवायरनं टेपेवरचा डेटा आहे तसा उतरतो, त्या वायरीतून त्याची पुन्हा नक्कल होते आणि दर्जा पडतो. लग्नाची कामं करणाऱ्या जुन्या स्टुडिओवाल्यांकडे असे कॅमेरे अजून कपाटात पडलेले असतात. साताऱ्यात, कराडात, सांगलीत विचारत गेलात तर मिळेल.

टेप लावण्याआधी तिच्यावरच्या छोट्या खिडकीतून रिळाकडे बघा. आपल्याकडच्या पावसात, त्यातून वाई-महाबळेश्वरच्या बाजूला, टेपेला बुरशी धरते. कडेला पांढरी पूड किंवा धागे दिसले तर ती टेप अजिबात वाजवू नका. एक बुरशीची टेप कॅमेऱ्याचं हेड घाण करते आणि पुढच्या चांगल्या टेपाही खराब करते. ती वेगळी ठेवा, सिलिका जेल टाकून बंद डब्यात, आणि साफ करणाऱ्याला द्या. चांगली टेप लावल्यावर आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, मग उतरवा. मधेच थांबून ‘हे बघ काय सापडलं’ करू नका, सलग उतरू द्या, दोन डिस्कवर ठेवा, आणि मगच बघायला बसा.

घरात पडलेल्या डब्यांचं महत्त्व पटत नसेल तर बीबीसीची गोष्ट ऐका. ‘डॅड्स आर्मी’ ही त्यांची गाजलेली विनोदी मालिका. तेव्हा टेप महाग, म्हणून दाखवून झालेल्या टेपा पुसून पुन्हा वापरायचे. १९६९च्या दुसऱ्या सीझनमधले भाग असे गेले. त्यातले दोन २००१मध्ये एका खासगी माणसानं जपलेल्या फिल्मच्या डब्यांत मिळाले. तीन अजून सापडलेले नाहीत. तुमच्या वाहिनीनं सगळं जपलं असेल असं धरून चालू नका. मेकिंगच्या टेपा तर कुणीच जपत नाही, त्या तुमच्या पिशवीतच आहेत.

उतरवलेलं चित्र आजच्या पडद्यावर लावताना दोन चुका सर्रास दिसतात. एक, चौकोनी चित्र ताणून रुंद करणं. माणसं बुटकी आणि जाडी दिसतात, आणि तुमच्या चाहत्याला ते पहिल्या सेकंदाला खुपतं. चौकोनी आहे ते चौकोनीच ठेवा, दोन्ही बाजूला काळं सोडा. दोन, हालचालीत कंगव्यासारख्या रेघा. तेव्हाचं चित्र सेकंदाला पन्नास अर्ध्या चित्रांचं असतं, ते एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस करून, म्हणजे त्या अर्ध्यांची पूर्ण चित्रं करून घ्यावं लागतं. डीव्हीला ‘लोअर फील्ड फर्स्ट’ निवडा. उलटं निवडलंत तर चालणारा माणूस थरथरतो. मोबाइलच्या जुन्या क्लिपा पोस्टाच्या तिकिटाएवढ्या असतील. त्या मोठ्या करून धुरकट दाखवण्यापेक्षा पडद्याच्या मधोमध लहानच ठेवा. आणि त्या मागवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर आहे तेही दाबून येईल.

आता जमण्याचा दिवस. साताऱ्यात हॉटेलचा हॉल घेऊन सगळ्यांना अर्धगोलात बसवायचं डोक्यात असेल, तर ते शेवटच्या तासाला करा. आधी वाड्यावर जा. वाडा आजही उभा असेल असं धरतो. नसेल, तर जे काही शिल्लक आहे तिथे जा. ‘फॉल्टी टॉवर्स’ ही बारा भागांची मालिका, १९७५ आणि १९७९ची. तिच्यातलं हॉटेल इंग्लंडमधल्या टॉर्की गावात दाखवलंय, पण बाहेरून दिसणारी इमारत बकिंगहॅमशरमधल्या एका क्लबची होती. १९९१मध्ये तिला आग लागली आणि ती पाडली गेली. आपल्याकडचे वाडे आगीनं जात नाहीत, वाटण्या होतात आणि पावसाळ्यात एकेक भिंत बसते. त्यामुळे पडवी, माजघर, मागचं दार जसं आहे तसं आत्ताच चित्रित करून घ्या, उद्या उपयोगी पडेल. मालकांना आधी भेटा, नुसता फोन नको. त्यांच्या घरात वर्षभर युनिट राबलेलं आहे. त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त गोष्टी असतील, काही गोड, काही हिशेबाच्याही.

कलाकारांना एकेकटं बोलावा, त्याच जागेवर बसवा आणि लॅपटॉपवर तो प्रसंग लावून द्या. प्रश्न विचारू नका. बघताना त्यांचा चेहरा घ्या. माणूस स्वतःला पंधरा वर्षांनी बघतो तेव्हा पहिल्या मिनिटात जे बोलतो ते मागाहून विचारून मिळत नाही. ‘अरे ही साडी तर माझ्या बहिणीची’, ‘इथे मला थंडी वाजत होती’. मग बारीक प्रश्न विचारा: हा चहा खरा होता का? हे दार तुम्ही ढकलता की ओढता, आणि पडद्यावर उलटं का दिसतं? तुम्ही सहाय्यक दिग्दर्शक होता, कंटिन्युइटीची वही, म्हणजे कोणत्या शॉटमध्ये काय कुठे होतं त्याची नोंद, तुमच्याच हातात होती, असे प्रश्न तुमच्याइतके कुणाला सुचणार नाहीत. ती वही सापडली तर कॅमेऱ्यासमोर उघडा; चाहत्यांसाठी ती सोन्याची. प्रश्न नंतर कापला जाणार, तेव्हा उत्तर पूर्ण वाक्यात द्यायला आधीच सांगून ठेवा, आणि बोलून झाल्यावर लगेच कॅमेरा बंद करू नका.

दोन माणसांची आठवण जुळली नाही तर खूश व्हा. नायिका म्हणते तो टेक पहिलाच होता, लाइटमन म्हणतो पंधरावा. दोन्ही ठेवा, निकाल देऊ नका. ग्रुपवर आठवडाभर वाद चालेल.

स्पॉट दादा, ड्रेसवाले, जनरेटरवाले, ज्यांच्या घरून जेवण यायचं त्या मावशी, गावातून उभे केलेले लोक, यांना विसरू नका. माझ्या अनुभवात मेकिंगमधलं उत्तम बोलणं यांच्याकडून येतं, कारण ते कधी मुलाखत देत नाहीत आणि त्यांना ‘कुटुंबासारखे’ हे वाक्य पाठ नसतं. सांगली-मिरजेकडचे नाटकवाले तुमच्या युनिटमध्ये असतील तर त्यांनाही सोडू नका. हौशी नाटकवाल्याला स्वतःचं वाक्य आठवतं आणि समोरच्याचंही, शिवाय कोण कुठे चुकलं ते सगळं आठवतं. रंगभूषा करणारे मिळाले तर फारच छान. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली तेव्हा दिलीप प्रभावळकर साठीच्याही आत होते आणि घराघरांत आबा म्हणून ओळखले गेले. अर्धा चेहरा रंगलेला असा फोटो तुमच्याकडे कुणाचा असेल तर तो पाच मुलाखतींच्या बरोबरीचा.

आवाज. चित्र जरा हललं तर लोक चालवून घेतात, आवाज फाटला की बंद करतात. प्रत्येकाला लेपल, म्हणजे कपड्याला अडकवायचा छोटा माइक, लावा, फोनच्या माइकवर विसंबू नका. तारीख ठरवताना ऊस बघा. नोव्हेंबर ते मार्च कारखान्यांचा हंगाम. गाणी लावून जाणारा ट्रॅक्टर मैलभरावरून ऐकू येतो आणि दोन ट्रॉल्या जाईपर्यंत तुमचा कलाकार बोलायचा थांबलेला असतो. हंगामातच करणं भाग असेल तर रस्त्याकडच्या पडवीत नको, मागच्या खोलीत. लाऊडस्पीकरसाठी गावची जत्रा कधी आहे तेही विचारून घ्या. प्रत्येक खोलीत अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प बसवून नुसती शांतता रेकॉर्ड करा. कापलेल्या जागा बुजवायला तीच लागते. फोननं शूट करणार असाल तर २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, नाहीतर आपल्या विजेवरचे काही दिवे पडद्यावर लुकलुकतात. फोन फ्रेम कमी-जास्त वेगानं घेतो, म्हणून एडिटिंगआधी सगळं एका ठरावीक वेगात कन्व्हर्ट करून घ्या. नाहीतर लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होतात आणि तुम्ही माइकला दोष देत बसता.

गेलेल्या कलाकारांबद्दल. त्यांच्यासाठी शेवटी वेगळी पाटी, बासरी आणि मंद होत जाणारा फोटो, हे करू नका असं सांगेन. पण हे घरच्यांवर अवलंबून आहे. त्यांना तेच हवं असेल तर तेच करा. माझी पद्धत अशी, की ते त्या प्रसंगात जसे होते तसे मधेच येऊ द्यावेत, काम करताना, वैतागताना, चहा मागताना. आणि त्यांची नक्कल जो सगळ्यात चांगली करतो त्याला करू द्यावी. फंबलही त्यांचे ठेवायचे असतील तर घरच्यांना आधी दाखवा.

आता परवानगी. मी वकील नाही, पण या कामात जे नेहमी समोर येतं ते सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे, आणि त्यात चित्रित कलाकृतीचा कर्ता म्हणजे निर्माता. मालिकांच्या बहुतेक करारांत निर्माता सगळे हक्क वाहिनीला देऊन मोकळा झालेला असतो. म्हणजे टेलिकास्ट झालेले भाग ना तुमचे, ना दिग्दर्शकाचे. हे हक्क प्रसारणानंतर साठ वर्षं टिकतात, तेव्हा जुनी मालिका आहे, आता कोण विचारतं, असं मनात आणू नका. तीस सेकंदांपर्यंत चालतं, सात सेकंद चालतात, हे सगळं ऐकीव. असा कुठलाही आकडा आपल्या कायद्यात नाही. समीक्षा किंवा टीकेसाठी रास्त वापराला कलम ५२मध्ये जागा आहे. पण तो वापर रास्त आहे की नाही हे प्रत्येक वेळी परिस्थितीवर ठरतं. शिवाय यूट्यूबचं यंत्र कायदा वाचत नाही. वाहिनीनं भाग तिथे नोंदवले असतील तर तुमची क्लिप आपोआप पकडली जाईल.

तुमच्या टेपांचंही तसंच. कॅमेरा तुमचा असला तरी तुम्ही तिथे पगारावर होता, आणि करारात काय लिहिलंय ते बघावं लागेल. माझा सल्ला सरळ आहे: निर्मात्याला भेटा आणि वाहिनीला मेलवर लेखी विचारा. पैसे कमवायचे नाहीत, जाहिराती लावणार नाही, अमुक भागातले अमुक प्रसंग इतके मिनिट, असं नेमकं लिहा. मोघम विचारलंत तर मोघम नाही येतं. शीर्षकगीताचा हक्क वेगळ्याच कंपनीकडे असू शकतो. ते न वापरलेलंच बरं. हवंच असेल तर कलाकारांना वाड्यात बसून गुणगुणू द्या असंही मी सांगणार नाही, कारण चालही कुणाच्यातरी मालकीची असते. कलाकारांकडून मात्र प्रत्येकाकडून साध्या कागदावर सही घ्या, जुन्या क्लिपांसाठी आणि नव्या मुलाखतीसाठीही. २०१२च्या दुरुस्तीनंतर स्वतःच्या सादरीकरणाची मोडतोड करून नाव खराब केलं तर कलाकाराला हरकत घेता येते. फंबल लावताना हे ध्यानात असू द्या. तेव्हा लहान असलेली मुलं आता मोठी झालीत, त्यांना स्वतः विचारा, आईवडिलांची तेव्हाची होकारार्थी मान आता चालत नाही. कपडे सावरतानाचे, रडतानाचे, कुणावर ओरडतानाचे तुकडे सापडतील. ते सहीनंतरही वापरू नका.

वाहिनीनं नाही म्हटलं, किंवा उत्तरच दिलं नाही, तर? तरी व्हिडिओ होतो. टेलिकास्ट झालेला प्रसंग एकही फ्रेम न दाखवता. कलाकार लॅपटॉपवर तो बघताहेत, पडद्याची पाठ आपल्याकडे, आणि ते संवाद पुटपुटताहेत. तुमच्या चाहत्यांना चित्र दाखवायची गरजच नाही, ते त्यांच्या डोक्यात चालू असतं. एडिटिंगच्या युक्तीचं प्रात्यक्षिक मग नव्यानं शूट करा, त्याच दोन कलाकारांना त्याच ओट्यावर बसवून. लेखकाकडून मात्र त्या संवादांसाठी होकार घ्या.

लांबीचं विचाराल तर वीस मिनिटांचा आकडा सोडून द्या. एक प्रसंग बारा मिनिटांत उकलला तर बारा, चाळीस लागली तर चाळीस. हे लोक बसतात. सुरुवातीला ‘ही मालिका अमुक साली आली’ वगैरे काही नको, थेट त्या वाक्यापाशी सुरू करा. मोबाइलवर बघायला उभे छोटे तुकडे वेगळे कापा, पण मुख्य गोम त्यात फोडू नका. ड्रोन उडवायचा मोह होईल. वाडा आणि मागे डोंगर असा एक शॉट पुरे, तोही परवानगी बघून.

आणि श्रेयनामावली. त्या वेळी टेलिकास्टला ती इतकी वेगानं पळायची की स्वतःचं नाव कुणाला वाचता आलं नाही. यावेळी सावकाश सोडा. जुन्या कॉलशीटवरून, म्हणजे रोज कुणाला शूटिंगला बोलावलं त्या यादीवरून, नावं काढा, पण तिथे ‘पप्पू लाइट’, ‘बाळू स्पॉट’ असंच लिहिलेलं असतं, तेव्हा पूर्ण नावं आणि आडनावं ज्याची त्याला फोन करून लिहून घ्या, ऱ्हस्व-दीर्घासकट. हे काम शेवटच्या रात्रीवर ढकलू नका, त्याला दोन-तीन दिवस सहज जातात.